निळ्या सैन्याची वाट

तो दुकानात शिरला आणि सरळ पुठ्ठ्याच्या बाईशी बोलायला लागला.

"नमस्कार. माझा चष्मा तुटलाय... जरा घाई आहे."

पुठ्ठ्याची बाई म्हणजे आमच्या दाराशी उभी केलेली जाहिरात. माणसाएवढी उंच, काळा गॉगल लावलेली, बारा महिने हसणारी. ती अर्थातच काही बोलली नाही. तो क्षणभर थांबला, मग आवाज खाली आणून अजिजीने म्हणाला, "कामात असाल तर थांबतो मी. काही हरकत नाही."

मी काउंटरमागे काचा पुसत होते. हसू दाबायला पुसायचा कपडाच तोंडाशी धरला.

"अहो... मी इकडे आहे."

तो गर्रकन वळला. केस ओले, शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात. बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती, पण त्याच्या अंगाला वास येत होता तो पोहण्याच्या तलावाचा.

"अच्छा! मग या कोण?"

"त्या नुसत्या हसतात. काम मी करते."

"पण हसताय तर तुम्हीही."

"तुम्हाला दिसतंय?"

"छे! ऐकू येतंय."

मी त्याला आतल्या खुर्चीत बसवलं. त्याने खिशातून रुमाल काढून उलगडला. आत चष्म्याचे जेवढे तुकडे होऊ शकतात तेवढे होते.

"काय झालं याला?"

"आत्या खुर्चीत बसली. चष्मा तिथे आधीपासून बसला होता. दोघांत चष्मा हरला."

मी त्याच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि एकेक काच बदलत विचारायला लागले. हे स्पष्ट की हे? हे... की हे?

"आधीचं. नाही, नंतरचं... परत एकदा विचारता का?"

"घाबरताय कशाला? ही परीक्षा नाही."

"मी मास्तर आहे हो. परीक्षा म्हटलं की मुलांपेक्षा मलाच घाम फुटतो."

"कसले मास्तर?"

"पोहण्याचे."

माझा हात थांबला. "एवढा नंबर... आणि तलावावर?"

"पाण्यात नंबरचा गॉगल असतो ना. पाण्यात सगळं लख्ख दिसतं. मी बुडतो तो जमिनीवर."

"मग नवा चष्मा होईपर्यंत तोच गॉगल लावा. काच बसवायला दोन दिवस तरी लागतील."

त्याचा चेहरा पडला. "मागच्या खेपेला लावला होता. त्याची काच निळी आहे. सगळे सैनिक मला माझेच वाटले. शत्रूच्या सैन्याला कवायत शिकवत बसलो आणि राजधानी गेली! डॉक्टरबाई, काहीतरी करा. आज संध्याकाळी पटावर माझं युद्ध आहे."

"मी डॉक्टर नाही. मी फक्त नंबर काढते."

"माझ्यासाठी आज तुम्हीच डॉक्टर."

दुरुस्तीला आलेल्या आणि कुणीच परत न नेलेल्या चष्म्यांचा एक खण आमच्याकडे होता. त्यात शोधता शोधता त्याच्या नंबराच्या जवळपास जाणारा एकच सापडला. लालभडक, कडा मांजरीच्या डोळ्यांसारख्या वर गेलेल्या, आणि त्या कडांवर चमचमते खडे. मला वाटलं, नको म्हणेल. त्याने तो चढवला, आरशात डावीकडून-उजवीकडून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "शोभतो?"

"लढाईला चालेल."

मग तो माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच त्याला मी दिसले असणार. बघतच राहिला... आणि मग घाईघाईने म्हणाला, "बरंय. येतो मी." जाताना दारातल्या पुठ्ठ्याच्या बाईलाही मान लववून गेला.

दोन दिवसांनी मास्तर आपला चष्मा न्यायला आला.

"काय झालं युद्धाचं?" मी विचारलं.

"हरलो. पण चष्म्याचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं."

नवा चष्मा नाकावर नीट बसतोय का ते मी बघत होते. त्यासाठी कानामागच्या काड्या जरा वाकवाव्या लागतात. रोज कितीतरी लोकांच्या वाकवते मी. त्या दिवशी मात्र बोटं उगाच गार पडली.

"तुम्ही बारीक अक्षर वाचता ना?" त्याने एकदम विचारलं.

"पोटापाण्याचा धंदाच तो आहे."

"मग रविवारी याल? आम्हाला एक अडाणी माणूस हवाय."

"काय?"

"म्हणजे... खेळातला अडाणी! तसं नाही म्हणायचं मला..." तो कानापर्यंत लाल झाला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याच्या आत्याने उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला. मुलं डोंगर-नद्यांच्या धड्याला पेंगतात म्हणून तिने एक खेळ बनवला, 'सरहद्द' नावाचा. मोठा नकाशा, चार देश, लाकडी सैन्य. आता तो पेटीत घालून विकायला एक प्रकाशक तयार झाला होता. पण नियम नव्या माणसाला कळतात की नाही, हे बघायला नवा माणूसच सापडत नव्हता. आत्याच्या ओळखीतला जो तो खेळून पक्का झालेला.

घरी वहिनीला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "जा की. फार तर एखादा देश जिंकून येशील. फक्त घरी आणू नकोस, ठेवायला जागा नाही."

आत्याचं घर जिन्याने वर, वरच्या मजल्यावर. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आणि त्यापायी जेवण बाहेरच्या खोलीत मांडीवर ताट घेऊन. नकाशा आत्याने हाताने रंगवला होता. मधोमध एक तपकिरी तळं होतं. मी विचारलं, हे कुठलं तळं? आत्या म्हणाली, "चहा सांडला होता. छान गोल पडला, म्हणून ठेवला."

आत्या बुटकी, ताठ, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. प्रकाशक तिचाच जुना विद्यार्थी. गोल चेहऱ्याचा, हसरा, बिस्किटांची बशी कायम आपल्या बाजूला ओढून बसलेला. आत्या त्याला 'अरे-तुरे' करायची आणि तो तिला अजून घाबरायचा. त्याचं सैन्य लाल, आत्याचं पिवळं, मास्तरचं निळं. मला हिरवं मिळालं.

"खेळातला मुख्य नियम एकच," आत्या म्हणाली. "वाट-करार. आपलं सैन्य दुसऱ्याच्या हद्दीतून न्यायचं असेल तर आधी त्याची परवानगी मागायची. मोठ्याने, सगळ्यांसमोर. कुठून कुठे जाणार आणि किती खेळ्यांत बाहेर पडणार, हे ठरवायचं. ठरलं की तेवढ्या मुदतीत दोघांनी एकमेकांवर हत्यार उचलायचं नाही. मुदत संपली आणि सैन्य आतच राहिलं, तर ते निघालं तिथे मुकाट परत जाणार. कळलं?"

"कळलं."

"कळलं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. खेळून दाखव."

थोड्याच वेळात मास्तरने घसा खाकरला.

"हिरव्या देशाच्या राणीसाहेब... माझ्या सैन्याला तुमच्या हद्दीतून जायचंय. वाट द्याल?"

"कुठून कुठे?"

"नदीच्या काठाकाठाने, वर घाटापर्यंत."

"किती खेळ्या?"

"चार."

"तीन."

"अहो, घाट चढायचाय! बरोबर तोफा आहेत."

"मग तोफा इथेच ठेवून जा."

"ठेवल्या तर न्यायला परत यावं लागेल..."

"मग या की."

मी बोलून गेले आणि जीभ चावली. मास्तरचा हात सैनिकावर तसाच राहिला. आत्याने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"करारात 'या की' असं काही नसतं. तीन की चार, ते बोला."

"चार," मी म्हणाले. एवढं बारीक बोलले की मलाच ऐकू आलं नाही.

मग चारही खेळ्या तो प्रत्येक वेळी सैन्य पुढे सरकवताना मान झुकवून म्हणायचा, "आभारी आहे. तुमची शेतं तुडवली नाहीत." "आभारी आहे. विहिरीतलं पाणी थोडं प्यालो, बादली जागेवर ठेवली." मी ओठ घट्ट मिटून बसले होते. हसले असते तर राणीची अब्रू गेली असती.

प्रकाशकानेही माझ्याकडून वाट घेतली होती, तीन खेळ्यांची. बिस्किटांच्या नादात त्याच्या दोन खेळ्या भलत्याच कोपऱ्यात खर्ची पडल्या. मी म्हणाले, "लाल सैन्याची मुदत संपली. आलात तसे परत जा."

"अहो, एक पाऊल राहिलंय सरहद्दीला!"

"एक पाऊल म्हणजे आतच."

प्रकाशकाने आशेने आत्याकडे पाहिलं. आत्याने त्याचं सगळं सैन्य ओंजळीत उचललं आणि नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. "ही पोरगी दर रविवारी येणार," ती म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही.

आणि मी जायला लागले दर रविवारी. मग रविवार पुरेना. मास्तरच्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल व्हायला लागला. मी तो घट्ट करून द्यायचे आणि म्हणायचे, "नवा चष्मा इतका कसा ढिला होतो?" तो म्हणायचा, "हवा दमट आहे."

एकदा दुकान बंद करून मीच तलावावर गेले. संध्याकाळची वेळ. मुलं घरी निघालेली, पाणी शांत होत आलेलं, त्यावर दिव्यांच्या पिवळ्या रेघा हलत होत्या. तो पाण्याबाहेर पाय पुसत बसला होता. डोळ्यांवर ना गॉगल, ना चष्मा. मी मुद्दाम काही न बोलता त्याच्या पाठीमागून गेले.

"या, डॉक्टरबाई."

"कसं ओळखलंत?"

"तुमचा उजवा पाय जरा घासतो चालताना. फरशीवर कळतं." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि... वाट बघत असलं की कळतंच."

मी काठावर बसून पाय पाण्यात सोडले. तो जरा अंतर ठेवून बसला. दोघांमध्ये त्याचा ओला टॉवेल होता. काही म्हणजे काही बोललो नाही आम्ही. तरी घरी गेल्यावर वहिनी म्हणाली, "आज बऱ्याच गप्पा झालेल्या दिसतात!"

पुढच्याच रविवारी सैनिक मांडता मांडता मास्तरने सांगितलं, "तलाव बंद होतोय. फरशी उखडून सगळं नव्याने करणार आहेत. वर्ष तरी जाईल." पिवळा सैनिक चुकून निळ्यांत ठेवला त्याने, मग उचलला. "लांब एका निवासी शाळेत जागा आहे. येता का, म्हणून विचारलंय. या आठवड्यात कळवायचं आहे."

आत्या खाली मान घालून सैनिक मांडत राहिली. म्हणजे तिला आधीच माहीत होतं. प्रकाशक बिस्कीट चहात बुडवून तसाच राहिला. ते आत पडलं.

"वा," मी म्हणाले. "छानच झालं."

'छान' हा शब्द तोंडात इतका कडू लागू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो माझ्याकडे बघत होता. मी नकाशातले डोंगर बघत होते.

तेवढ्यात प्रकाशकाने विषय बदलायचा म्हणून आपलंच घोडं पुढे दामटलं. "आत्या, पेटी छापायला घेण्याआधी एक बोलायचं होतं. तो वाट-करार आहे ना... तो मोडायची मुभा द्या. कधीही, कुणालाही. आजकाल लोकांना दगाफटका आवडतो. वाट द्यायची आणि मधेच कापून काढायचं. काय मजा येईल!"

"माझ्या वर्गात असली मजा चालली नसती," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा मागच्या बाकापर्यंत गेला नाही. हा खेळ छापून यावा, अशी तिची फार इच्छा होती. पैसे घालणारा हा एकच भेटला होता. ती बराच वेळ नकाशाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "असं करू. आज तुझ्या नियमाने एक डाव खेळू. पुढच्या रविवारी माझ्या नियमाने. मग तूच सांग."

तो डाव मला कधी विसरता येणार नाही, इतका कंटाळवाणा झाला. कुणी कुणाला वाट देईना. जो तो आपल्या सरहद्दीवर सैनिकांची भिंत करून बसला. प्रकाशक आत्याला म्हणाला, वाट द्या. आत्या म्हणाली, देणार नाही, तू मोडशील. तो म्हणाला, मोडण्यातच तर मजा आहे! आत्या म्हणाली, मग बस आपल्या गल्लीत मजा करत. तो खरंच बसला. मग जांभया द्यायला लागला.

शेवटी मास्तर म्हणाला, "हिरव्या देशाकडे वाट मागतो. पाच खेळ्या."

"दिली," मी म्हणाले.

प्रकाशक ताडकन सरळ झाला. "अहो, पाच? तुमची राजधानी वाटेतच आहे! तो मोडेल ना!"

"नाही मोडणार."

"पण मोडायला परवानगी आहे!"

"असू दे."

निळं सैन्य माझ्या राजधानीच्या वेशीवरून गेलं. दार सताड उघडं होतं; एक खेळी आणि डाव त्याचा. त्याने सैन्य पुढे सरकवलं, मान झुकवली, "आभारी आहे," म्हणाला आणि निघून गेला. अख्ख्या डावात झालेला करार तेवढा एकच.

"बघा, माझ्या नियमातही करार होतात की," प्रकाशक म्हणाला.

"या दोघांना धरू नकोस," आत्या म्हणाली. "पेटी विकत घेणारे सगळेच काही असे नसतील."

तो आठवडा मी दुकानात भलत्याच लोकांना भलतेच चष्मे दाखवले. मास्तर एकदाही स्क्रू घट्ट करून घ्यायला आला नाही. वहिनीने दोनदा विचारलं, काय गं, बिनसलंय का काही? मी म्हणाले, डोकं दुखतंय. ती म्हणाली, "डोकं असं खिडकीतून बघत दुखत नाही." मग स्वतःच माझ्या पुढ्यात चहा ठेवून गेली.

रविवारी मला जायचंच नव्हतं. गेले मात्र अर्धा तास आधी.

आत्याच्या नियमाचा डाव पहिल्या खेळीपासून रंगला. करार होत होते, सैन्य इकडून तिकडे जात होतं. प्रकाशक उभा राहून ओरडत होता. बिस्किटं तशीच राहिली, यावरूनच काय ते समजा. मास्तरने माझ्याकडून तीन खेळ्यांची वाट घेतली. पण पुढे घाटात आत्याने आपलं पिवळं सैन्य आडवं घातलं. मुदत संपली. आता निळ्या सैन्याला नियमाने परत जायला हवं होतं, निघालं त्या गावी. आणि ते गाव प्रकाशकाने नुकतंच जिंकलं होतं.

सगळे नकाशाकडे बघत राहिलो. पुढे जाता येईना, मागे जायला जागा नाही.

"याचं काय होतं, आत्या?" प्रकाशकाने विचारलं.

आत्याने नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. "हे... असं कधी झालंच नव्हतं."

"सोपं आहे," मास्तर म्हणाला. "सैन्य पटावरून उचलायचं. संपलं."

"उचलायचं?" मी म्हणाले. "का म्हणून? त्यांचा काय दोष? राहू देत माझ्या हद्दीत."

"मुदत संपली. थांबायचा हक्क नाही त्यांना."

"मी देतेय ना हक्क!"

"तुम्ही दिलात तरी नियमात बसत नाही."

"नियम अजून व्हायचाय! परत जायची वाट मिळेपर्यंत राहू देत. माझ्या कोठारातलं खातील."

"फुकटचं? तुम्हाला ओझं होऊन?"

"ओझं आहे की नाही, ते मी ठरवेन. तुम्ही कोण?"

"सैन्य माझं आहे!"

"हद्द माझी आहे!"

आवाज केव्हा चढले, आम्हाला कळलंही नाही. मास्तर उभा होता, मीही उभी होते. प्रकाशक एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "सैन्य राहिलं, तर पुढच्या खेळीत तो तुमची राजधानी घेणार. उचललं, तर तुम्ही जिंकणार. बरोबर? मग तुम्ही का... आणि हा का..." तो खुर्चीत मागे टेकला. "आत्या, हे दोघं उलटं भांडताहेत."

"इतकी वर्षं मी वर्गात भांडणं सोडवली," आत्या म्हणाली. "स्वतः हरावं म्हणून भांडणारी दोन माणसं आज बघितली." तिने कोपऱ्यातली छत्री काढून माझ्या हातात दिली. "कोपऱ्यापर्यंत चालून या, दोघंही. काय तो नियम ठरवा आणि मगच वर या."

"पण..." मास्तर म्हणाला.

"जा म्हटलं ना!"

वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे आम्ही जिना उतरलो. बाहेर बारीक पाऊस होता. छत्री एक. ती मी माझ्या डोक्यावर धरली आणि दोन घरं चालल्यावर निम्मी त्याच्यावर केली. राग अजून गेला नव्हता.

"असं कसं उचलायचं म्हणता तुम्ही?" मी सुरू केलं. "इतक्या लांब चालत आलेलं सैन्य!"

"मग काय करायचं? मागे काही उरलं नाही. पुढचं दार बंद. अशाने कुणाच्या दारात किती दिवस बसायचं? लाज वाटते माणसाला."

"सैनिकाला कसली लाज? लाकडाचा आहे तो."

"काम नाही, जागा नाही... काय म्हणून थांबायचं? कुणी थांब म्हटलेलं नाही."

"मी म्हणतेय की मघापासून! थांबा म्हणून!"

तो चालता चालता थांबला. "कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सैन्याला!"

छत्रीच्या कडेवरून एक थेंब ओघळून त्याच्या काचेवर पडला, मग दुसरा. आणि मला, सगळ्या गावाच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या मला, तेव्हा कुठे दिसायला लागलं.

"तुम्ही..." मी म्हणाले. "तुम्ही सैन्याबद्दल बोलत नव्हता..."

"पहिल्या दोन वाक्यांपर्यंत बोलत होतो."

हाताला सवयीचं काम हवं होतं. मी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि हिरव्या ओढणीच्या टोकाने काचा पुसायला लागले. पुसून झाल्या तरी पुसत राहिले.

"एवढ्यात देऊ नका," तो म्हणाला.

"काय?"

"चष्मा. तुमचा चेहरा दिसायला लागला की मला बोलता येत नाही. गेले कित्येक रविवार... तसंच होतंय." त्याने एक श्वास घेतला, पाण्यात उडी मारण्याआधी घेतात तसा. "मला तुम्ही आवडता. म्हणजे फार. त्या शाळेला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही 'छान' म्हणालात, तेव्हा वाटलं, संपलं. मग गेल्या डावात तुम्ही पाच खेळ्या दिल्यात, तर वाटलं, नाही संपलं. आता पुन्हा काही कळत नाही. मला नुसता एक हिरवा ठिपका दिसतोय. तुम्ही हसताय की रडताय, तेही..."

मी दोन्ही करत होते.

"बोला ना काहीतरी," तो म्हणाला.

"चष्मा लाव," मी म्हणाले. "म्हणजे दिसेल."

"काय म्हणालीस?"

"लाव म्हटलं."

मीच तो त्याच्या नाकावर चढवला, काड्या कानामागे सरकवल्या. या वेळी बोटं अजिबात गार नव्हती. त्याने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. छत्री केव्हाच तिरकी झाली होती आणि आम्ही दोघंही भिजत होतो.

"त्या शाळेत जा," मी म्हणाले. "तलाव तयार झाला की परत ये. सुट्टीला येत जा. पण जायच्या आधी आमच्या घरी ये. दादाला पटवणं सोपं आहे, तो वहिनीचं ऐकतो. वहिनी कुणाचंच ऐकत नाही."

"तिला काय आवडतं?"

"खरं बोललेलं."

"मग मी सांगेन, की पहिल्या दिवशी मी तुमच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या बाईच्या प्रेमात पडलो होतो, आणि मग..."

मी त्याला छत्रीनेच मारलं. हलकेच.

वर गेलो तेव्हा आत्या आणि प्रकाशक तसेच बसून होते. कुणी एक सैनिक हलवला नव्हता.

"मी हरलो बुवा," प्रकाशक म्हणाला. "माझा नियम रद्द. आजचा डाव झकास झाला, आत्याच्याच नियमाने छापू. फक्त हे अडकलेल्या सैन्याचं सांगा, म्हणजे उद्या छपाईला देतो. काय ठरलं तुमचं?"

मी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने माझ्याकडे.

"ठरलं नाही?" प्रकाशक म्हणाला. "अहो, मग एवढा वेळ करत काय होता तुम्ही?"

आत्याने आमच्या ओल्या खांद्यांकडे पाहिलं. मग शांतपणे पेन्सिल उचलली, नियमांच्या शेवटच्या ओळीखाली लिहायला लागली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "परतीची वाट बंद झाली, तर त्या सैन्याचे काय करायचे, हे त्या दोन खेळाडूंनी आपसात बोलून ठरवावे."

"हा कसला नियम, आत्या?" प्रकाशक कळवळून म्हणाला. "आणि त्यांचं नाहीच ठरलं तर?"

"ठरतं," आत्या म्हणाली. "बिस्किटं इकडे सरकव. भिजून आलीत पोरं."

प्रकाशकाने बशी सरकवली, जरा नाराजीनेच. मास्तरने खुर्ची ओढली ती निळ्या बाजूची नाही, माझ्या शेजारची. आणि मग माझ्या हातात हात ठेवून त्याने डाव्या हाताने पुढची खेळी केली, थेट माझ्या राजधानीवर.

"अरे!" मी ओरडले.

"मुदत संपलीय," तो म्हणाला, आणि इतका गोड हसला की मला राजधानीचं काही म्हणजे काही वाटलं नाही.